ठिपका दिसला का? घरी पाहिलेल्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची पार्श्वभूमी

वाळवंटातल्या एका विहिरीपाशी दोन माणसं थांबली आहेत. दूर क्षितिजावर, तापलेल्या हवेच्या थरथरीत काहीतरी हलतं. आधी ठिपका, मग पाण्यावर तरंगावी तशी काळी रेघ, आणि मग हळूहळू उंटावर बसलेला माणूस. ओमर शरीफ या नटानं साकारलेल्या शरीफ अली या अरब सरदाराचा हा प्रवेश. त्यात संवाद जवळजवळ नाहीत, पार्श्वसंगीतही नाही. घरी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिलेल्या कुणाशीही बोला, चित्रपटाविषयीचं त्याचं मत बहुतेक वेळा या एका प्रसंगावरून कळतं. कुणी म्हणतो, श्वास रोखून पाहत बसलो. कुणी म्हणतो, काहीच घडत नव्हतं, मी पुढे ढकललं. दोघंही खरं सांगत असतात. त्यांच्यापुढे आलेला चित्रपट मात्र एकच नसतो. गेल्या साठ वर्षांत तो इतक्या वेगवेगळ्या रूपांत लोकांपर्यंत गेला आहे, की प्रेक्षकाचं मत ऐकताना आधी 'कोणती प्रत पाहिलीत?' असं विचारावं लागतं.

पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूनं लढलेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा, दिग्दर्शक डेव्हिड लीन यांचा हा चित्रपट १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियन चित्रगृहात पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी २२२ मिनिटं. छायालेखक फ्रेडी यंग यांनी तो ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर चित्रित केला. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा ही चौकट कितीतरी मोठी, त्यामुळे तिच्यात मावणारा तपशीलही तितकाच जास्त. चित्रगृहात जाणारी प्रिंट ७० मिलिमीटरची असे, कारण कडेला ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांना जागा लागायची. अलीच्या प्रवेशासाठी यंग यांनी लांब पल्ल्याची खास लेन्स वापरली आणि जॉर्डनमधल्या जाफरच्या सपाट मैदानावर तो प्रसंग टिपला. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर तो ठिपका ठिपका म्हणून टिकला. प्रेक्षकाला तो स्वतः शोधावा लागतो, आणि त्या शोधण्यातच प्रसंगाची सगळी गंमत आहे.

सात ऑस्कर मिळाले, तरी पहिल्या दिवसापासून मतं एकमुखी नव्हती. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांना चित्रपट प्रचंड वाटला, पण त्यातला माणूस हाती लागला नाही असं वाटलं. लॉरेन्सचे धाकटे भाऊ ए. डब्ल्यू. लॉरेन्स यांना पडद्यावर आपला भाऊ ओळखू आला नाही. खरा लॉरेन्स साडेपाच फुटांच्या आसपासचा, आणि त्याची भूमिका करणारे पीटर ओटूल सहा फूट दोन इंच. एवढी उंची वाढली की माणसाचं दिसणंच नव्हे, त्याचं संकोचणंही बदलतं. लॉरेन्ससोबत लढलेला अरब टोळीप्रमुख ऑडा अबू तायी याच्या वंशजांना त्याचं लोभी चित्रण खटकलं आणि ते न्यायालयात गेले. इतिहासाविषयीची ही नाराजी आजही प्रेक्षकांच्या बोलण्यात येते. मला ती रास्त वाटते.

काटछाट मात्र लगेचच सुरू झाली. पावणेचार तासांचा चित्रपट म्हणजे दिवसाला खेळ कमी. १९६३च्या जानेवारीतच सुमारे २० मिनिटं उडाली. १९७१मध्ये तो पुन्हा आला तेव्हा १८७ मिनिटांचा उरला होता. टीव्हीवर दिसलेला चित्रपट हा असा आखुडलेला, आणि १९८९च्या आधी कॅसेटवर आलेलाही. म्हणजे घरबसल्या पाहणाऱ्यांची पहिली पिढी मुळात वेगळीच कथा पाहत होती. लॉरेन्सच्या मनात होणारे बदल ज्या छोट्या प्रसंगांतून उमगतात तेच गेले होते, आणि 'हा माणूस अचानक असा का वागतो?' हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. दोष पटकथेवर आला. खरं कारण कापलेल्या रिळांत होतं.

त्याहून मोठं नुकसान चौकटीचं झालं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चित्रपटाची रुंदी उंचीच्या २.२० पट. जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा पूर्ण भरायचा तर दोन्ही बाजू कापायच्या, म्हणजे चित्राचा सुमारे ४० टक्के भाग फेकून द्यायचा. उरलेल्या चौकोनात काय ठेवायचं ते कॅसेट बनवणारा तंत्रज्ञ ठरवायचा. दोन माणसं दोन टोकांना उभी राहून बोलत असतील तर एकदा हा दाखवायचा, एकदा तो. लीन यांनी त्या दोघांच्या मध्ये मुद्दाम सोडलेलं रिकामं वाळवंट कुणालाच दिसायचं नाही. त्यात कॅसेटचं चित्र इतकं पुसट, की अलीचा ठिपका बराच वेळ दिसतच नसे. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या. कॉपीवरून कॉपी केलेल्या अशा कॅसेटवर ज्यांनी इंग्रजी चित्रपट पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. त्या प्रतीत हा प्रसंग म्हणजे पिवळट पडद्याकडे पाहत बसणं. 'संथ आहे' हे मत तिथून आलं, आणि त्या प्रेक्षकाला मी चूक म्हणणार नाही.

आपल्याला जवळचा एक धागा इथेच आहे. नफूदचं वाळवंट ओलांडताना उंटावरून पडून मागे राहिलेला कासिम, ज्याला शोधायला लॉरेन्स सगळ्यांचा विरोध पत्करून परत फिरतो, तो साकारला होता मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीतल्या आय. एस. जोहर यांनी. विनोदी नट म्हणून ओळखले गेलेले जोहर इथे जवळजवळ मुक्यानं, नुसत्या थकलेल्या पावलांनी काम करतात. पुढे त्याच कासिमला लॉरेन्स स्वतःच्या हातानं गोळी घालतो, आणि चित्रपटाचा कणा या दोन प्रसंगांत आहे. वाळवंटात एकटा चालणारा कासिम हाही रुंद पडद्यावरचा छोटासा आकार. बाजू कापल्या की त्याचं एकटेपण निम्मं होतं.

चित्रपट वाचला तो जुने चित्रपट पूर्ववत करणारे रॉबर्ट हॅरिस यांच्यामुळे. त्यांनी जिम पेंटन यांच्यासह ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ निगेटिव्ह आणि कापलेले तुकडे शोधून काढले. पण परत मिळालेल्या काही प्रसंगांचा आवाजच उरला नव्हता. मग पीटर ओटूल, अ‍ॅलेक गिनेस आणि अँथनी क्विन पंचवीसेक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा बोलले, आणि वयानं जड झालेले ते आवाज तंत्रानं तरुण केले गेले. जनरल अ‍ॅलनबी झालेले जॅक हॉकिन्स १९७३मध्येच गेले होते, त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रे बोलले. लीन यांनी संकलक अ‍ॅन कोट्स यांच्यासोबत बसून शेवटचा हात फिरवला आणि १९८९मध्ये चित्रपट पुन्हा चित्रगृहांत आला. लीन १९९१मध्ये गेले. दोन वर्षं उशीर झाला असता तर हे काम दिग्दर्शकाच्या नजरेखालून गेलंच नसतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

यानंतर घरच्या प्रतीही बदलल्या. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चौकट दाखवायची पद्धत आधी लेझरडिस्कवर रुळली, मग डीव्हीडीवर. त्या पट्ट्यांवरून तेव्हा घरोघरी वाद झाले. 'एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा काळाच?' ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. चित्र कापलं तर जातं, पट्ट्यांनी नाही, हे लोकांना पटायला वेळ लागला. २००१मध्ये दोन डिस्कची डीव्हीडी आली तेव्हा पट्ट्यांचा वाद मागे पडून रंग आणि उजेड यांवर बोलणं सुरू झालं. वाळूचा रंग नेमका कोणता होता, यावर प्रेक्षक इतक्या तळमळीनं भांडले, हे मला लोभस वाटतं. मूळ ७० मिलिमीटर प्रिंट पाहिलेली माणसं आठवणीतून साक्ष देत होती.

२०१२मध्ये, पन्नासाव्या वर्षी, सोनी पिक्चर्सनं ग्रोव्हर क्रिस्प यांच्या देखरेखीखाली मूळ निगेटिव्ह ८के दर्जात (म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे आठ हजार ठिपके) स्कॅन करून ४केमध्ये (सुमारे चार हजार ठिपके) नवी प्रत केली. वाळवंटातल्या उष्णतेनं निगेटिव्हच्या थराला बारीक भेगा पडल्या होत्या. रासायनिक पद्धतीनं त्या जात नव्हत्या, संगणकावर एकेक चौकट सुधारावी लागली. त्यावरून ब्लू-रे निघाली. आकडे पाहिले की फरक कळतो. काळ्या पट्ट्या सोडल्या तर ब्लू-रेवर प्रत्यक्ष चित्राला सुमारे ८७० ओळी मिळतात, २०२०मध्ये आलेल्या ४के डिस्कवर जवळजवळ १,७४५. तो ठिपका आता घरीही अगदी सुरुवातीपासून दिसतो. तरुण प्रेक्षकांकडून 'संथ' हा शब्द मी अजूनही ऐकतो, पण त्याच्यापुढे 'तरी उठावंसं वाटलं नाही' असंही येतं.

स्पष्टतेनं नवी तक्रारही आणली, आणि ती टाळण्यासारखी नाही. राजपुत्र फैसल झालेल्या गिनेस यांच्या चेहऱ्यावरचा सावळा रंग आणि ऑडा झालेल्या क्विन यांचं चिकटवलेलं नाक पुसट कॅसेटवर खपून जायचं. ४केमध्ये रंगाचा थर दिसतो. अरबांच्या प्रमुख भूमिका गोऱ्या आणि मेक्सिकन नटांना रंगवून का दिल्या, हा प्रश्न म्हणूनच आज जास्त जणांना पडतो. ओमर शरीफ इजिप्तचे, ते आणि जोहर सोडले तर पडद्यावरची महत्त्वाची पौर्वात्य माणसं बहुतेक बाहेरून आणलेली. एकाही स्त्रीला संवाद नाही, हेही हल्लीचे प्रेक्षक लगेच टिपतात.

एक छोटी तक्रार मात्र पार्श्वभूमी कळली की विरते. डिस्क लावल्यावर सुरुवातीची सुमारे चार मिनिटं पडदा काळा राहतो आणि मॉरिस जार यांचं संगीत वाजत राहतं. अनेकांना डिस्क बिघडली असं वाटून ते रिमोट शोधतात. चित्रगृहात हे संगीत प्रेक्षक जागेवर बसेपर्यंत वाजायचं. ४के संचात चित्रपट दोन डिस्कमध्ये विभागला आहे, त्यामुळे मध्येच उठून डिस्क बदलावी लागते, याबद्दलही कुरकुर ऐकू येते. डिस्क बदलायची जागा मध्यांतराचीच आहे. १९६२मध्ये ओडियनमध्ये बसलेली माणसंही तिथेच उठली होती.