चिलकूट खिंडीतली ती रांग
बर्फाच्या उभ्या चढावर लागलेली माणसांची काळी रांग दाखवणारी, १८९८ च्या सुमाराची अलास्कातील छायाचित्रे ‘सोन्याच्या खाणीवर उसळलेली गर्दी’ म्हणून फिरतात. ते खरे नाही. ही वाटेवरची चिलकूट खिंड असून, हे लोक जिथे निघाले होते ती क्लोंडाइक भागातली सोन्याची खाणक्षेत्रे तिथून शेकडो किलोमीटर पुढे, कॅनडात होती. माथ्यावरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराच्या शिध्याशिवाय कोणालाही पुढे सोडत नसत. अवजारांसह हे ओझे जवळपास टनभर होई, म्हणून बर्फात कोरलेल्या त्याच पायऱ्या पाठीवर गाठोडे घेऊन एकेक जण वीस-तीस वेळा चढे आणि घसरत खाली येई. सोन्याच्या बहुतेक कसदार जागा तर (हे छायाचित्र कसे सांगणार?) आधीपासून त्या भागात असलेल्यांनी केव्हाच अडवल्या होत्या.