बास्केटबॉल, विभागीय क्रीडा महोत्सवांतील (सोलापूर)

बास्केटबॉल, विभागीय क्रीडा महोत्सवांतील (सोलापूर) : अनेक खेळांच्या एकत्रित स्पर्धेत पुरुष व महिला अशा दोन स्वतंत्र गटांत खेळवली जाणारी बास्केटबॉल स्पर्धा. येथे ‘विभागीय’ हा शब्द शालेय, आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठ या तिन्ही पातळ्यांसाठी सैलपणे वापरला आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत सोलापूर जिल्हा आणि सोलापूर महानगरपालिका हे दोन वेगळे घटक असून ते पुणे विभागात मोडतात. या क्रीडा विभागात अहिल्यानगर येते, मात्र महसुली पुणे विभागातील सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे येत नाहीत. ते कोल्हापूर क्रीडा विभागात आहेत. जुनी कागदपत्रे चाळताना या दोन विभागांची गल्लत हमखास होते.

उगम व प्रसार : जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती युवक संघाच्या (वायएमसीए) प्रशिक्षण शाळेत हा खेळ तयार केला, याबद्दल मतभेद नाहीत. मूळ नियम १३ होते आणि पहिल्या सामन्यात प्रत्येक बाजूला ९ खेळाडू होते. भारतात तो केव्हा आला याबाबत मात्र दोन साले दिली जातात. पहिले १८९४ : नेस्मिथ यांच्या पहिल्या तुकडीतील डंकन पॅटन यांनी तो भारतात आणला, असे मानले जाते. दुसरे १९३० : हे साल लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे ख्रिस्ती युवक संघाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये नवी दिल्लीत झाली. अवघ्या चार वर्षांत एखादा खेळ परका असण्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचणे अवघड असल्याने १९३० हे आगमनाचे नव्हे, तर संघटित प्रसाराचे स्थूल साल समजणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकापासून होते. त्यावरून खेळ येथे थेट मिशनमार्गे आला असा तर्क करता येतो. मात्र प्रशिक्षित शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या बदल्या व नेमणुकांतून तो शाळांत रुजला असण्याची शक्यता अधिक आहे, कारण महाराष्ट्रातील इतर गिरणगावांतही खेळांचा प्रसार प्रायः शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरूनच झालेला दिसतो.

महाविद्यालयीन खेळाच्या दृष्टीने १ ऑगस्ट २००४ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी सोलापूर विद्यापीठ (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) अस्तित्वात आले. तोवर येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असल्याने सोलापूरच्या खेळाडूला विद्यापीठ संघात जागा मिळवण्यासाठी कोल्हापूर, सांगली व सातारा येथील खेळाडूंशी झगडावे लागे. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या नव्या विद्यापीठामुळे १२ पुरुष व १२ महिला अशा जागा थेट जिल्ह्याला मिळाल्या. निवडीचा पाया त्याच प्रमाणात आकसला, हेही खरे. या संघांपुढे राज्यपाल-कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने भरणारा ‘अश्वमेध’ हा राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव आणि पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा या पायऱ्या असतात.

महिला गट : बहुक्रीडा स्पर्धांत महिला बास्केटबॉल सर्वत्र उशिरा आले. आशियाई स्पर्धांत पुरुष गट १९५१ पासून (नवी दिल्ली, विजेता फिलिपीन्स), तर महिला गट १९७४ पासून (तेहरान, विजेता जपान) आहे. ऑलिंपिकमध्ये ही साले अनुक्रमे १९३६ व १९७६ अशी आहेत. आज दोन्ही गटांचे नियम एकच असून फरक फक्त चेंडूचा आहे.

मैदान : २८ × १५ मी., रेषा ५ सेंमी. रुंद, चहूबाजूंनी किमान २ मी. मोकळी जागा. रिंगची उंची ३.०५ मी., फलक १.८० × १.०५ मी., फलकाची खालची कड जमिनीपासून २.९० मी.; तीन गुणांचा कंस ६.७५ मी., फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा फटक्याची) रेषा फलकापासून ४.६० मीटरवर.

जिल्ह्यात सिमेंटची उघडी मैदाने अधिक असल्याने मोजमापातील चुका ठरावीक आहेत. २०१० मध्ये रिंगखालचा समलंब चौकोन (पाया ६ मी.) जाऊन ४.९० × ५.८० मी. चा आयत आला आणि कंस ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेला. बऱ्याच मैदानांवर जुन्या रेषा न खोडताच नव्या मारल्या जातात. मग खेळाडू जुन्या कंसावरून तीन गुणांचा फटका मारतो, पंच दोन देतो आणि वाद गुणलेखकाच्या टेबलापर्यंत येतो. जुन्या रेषा मैदानाच्याच रंगाने पूर्ण बुजवणे हा एकच उपाय आहे. फक्कीने तात्पुरत्या रेषा आखल्यास पहिल्याच सत्रात त्या बुटांखाली पुसल्या जातात आणि पांढऱ्या भुकटीवरून पाय घसरतो तो वेगळाच. दुसरी चूक उंचीची : मैदानावर सिमेंटचा नवा थर चढवला की खांब तोच राहतो आणि रिंग ४-५ सेंमी. खाली येते. म्हणून ३.०५ मी. ची सरळ काठी प्रत्येक रिंगखाली उभी धरून तपासावी; टेपने तिरके माप येते. पाण्याचा उतार आडवा, साधारण १०० सेंमी. ला १ सेंमी. असावा. मैदानाची लांबी दक्षिणोत्तर असणे चांगले, नाहीतर दुपारनंतरच्या सामन्यात एका संघाच्या डोळ्यांवर अर्धा वेळ ऊन येते. उत्तरार्धात बाजू बदलतात हे खरे, पण तोवर सूर्यही उतरलेला असतो.

चेंडू : पुरुषांसाठी ७ क्रमांकाचा (परीघ सु. ७५-७७ सेंमी., वजन ५८०-६२० ग्रॅ.), महिलांसाठी ६ क्रमांकाचा (७१.५-७३ सेंमी., ५१०-५५० ग्रॅ.). महिलांचा वेगळा चेंडू आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २००४ पासून रूढ झाला. त्यापूर्वी दोन्ही गट ७ क्रमांकानेच खेळत. एकाच मैदानावर पाठोपाठ सामने असले की सरावाचे चेंडू मिसळतात. चुकीच्या चेंडूने सत्र सुरू झाल्याचे उशिरा लक्षात येते, कारण परीघातील तीन-चार सेंटिमीटर डोळ्याला जाणवत नाहीत. पहिल्या दोन-तीन फ्री थ्रोमध्ये हाताला जाणवतात. दोन रंगांच्या जाळीदार पिशव्या आणि टेबलावर मोजपट्टी एवढ्याने हे टळते.

हवा भरताना सोलापूरच्या उन्हाचा हिशेब ठेवावा लागतो. सकाळी २०° से. ला ८ पीएसआय दाब ठेवलेला चेंडू ४५° से. पर्यंत तापला, तर दाब दीड ते दोन पीएसआयने वाढतो आणि चेंडू उसळू लागतो. १.८० मी. वरून सोडल्यावर चेंडूची वरची कड १.२० ते १.४० मी. दरम्यान यावी, ही चाचणी सामन्याच्या अगदी आधी, त्याच जमिनीवर घ्यावी. विश्रांतीत चेंडू सिमेंटवर उन्हात सोडू नयेत.

कार्यक्रमपत्रिका : सामना १० मिनिटांच्या ४ सत्रांचा. मध्यंतर १५ मिनिटे, इतर दोन विश्रांती प्रत्येकी २ मिनिटांच्या, बरोबरी झाल्यास ५ मिनिटांचे जादा सत्र. घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबत असल्याने एका सामन्याला पावणेदोन तास धरावेत. तासाभराचा हिशेब करणारी पत्रिका दुसऱ्याच दिवशी कोलमडते. उन्हामुळे सकाळी ७ ते १०:३० मध्ये २ आणि दुपारी ४ नंतर प्रकाशझोतात ३, असे एका मैदानावर दिवसाला ५ सामने बसतात. आठ संघांचे चार-चारचे दोन गट, गटात साखळी व पुढे बाद पद्धत धरल्यास तिसऱ्या क्रमांकासह १६ सामने होतात. पुरुष व महिला मिळून ३२. एका मैदानावर याला ७ दिवस लागतात, दोनवर ४. म्हणूनच बहुतेक आयोजक निव्वळ बाद पद्धतीकडे वळतात (तिसऱ्या क्रमांकासह दोन्ही गटांचे १६) आणि लांबून आलेला संघ एक सामना खेळून परततो. मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रेमुळे होम मैदान परिसरात वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत शहराच्या मध्यभागी सामने ठेवल्यास संघ वेळेवर पोहोचत नाहीत. नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानात नसतील, तर प्रतिस्पर्ध्याला २०-० ने पुढे चाल मिळते.

समान गुण झाल्यास : सर्वाधिक तक्रारी इथेच होतात, म्हणून थोडे विस्ताराने. विजयाला २, पराभवाला १, न खेळता गमावल्यास ० गुण. दोन संघांचे गुण समान असतील तर त्यांच्यातील सामन्याचा निकाल पाहतात. तीन संघ समान असतील तर फक्त त्या तिघांमधल्या सामन्यांचा तक्ता मांडायचा आणि त्यातील गुणफरक घ्यायचा. समजा, चार संघांच्या गटात क ने ख ला ६२-५४, ख ने ग ला ५८-५१ आणि ग ने क ला ६०-५८ असे हरवले आणि तिघांनीही घ ला हरवले. तिघांचा आपसातील फरक : क +६, ख −१, ग −५. उपांत्य फेरीत क व ख जातात. आता ग ने घ ला ४५ गुणांनी, ख ने २२ व क ने २० गुणांनी हरवले असेल आणि गुणलेखकाने सर्व सामन्यांचा फरक धरला, तर ग +४०, क +२६, ख +२१ असा उलटा क्रम निघतो आणि ख चा हक्क जातो. सर्व सामन्यांचा फरक हा नंतरचा निकष आहे; आधी आपसातील गुणफरक, मग आपसात केलेले गुण. ही पद्धत व्यवस्थापकांच्या सभेत उदाहरणासह लिहून द्यावी. ती माहीत असलेला संघ जिंकलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटातही थांबत नाही, आणि प्रेक्षकांना ते उगाच हावरेपणाचे वाटते.

टेबल : गुणलेखक, साहाय्यक गुणलेखक, वेळाधिकारी व २४ सेकंदांचे घड्याळ चालवणारा असे चौघे लागतात. गुणपत्रिकेत पहिले व तिसरे सत्र लाल, दुसरे व चौथे निळ्या किंवा काळ्या शाईने लिहितात. एकाच पेनाने लिहिलेली पत्रिका तक्रारीच्या वेळी निरुपयोगी ठरते. चेंडू रिंगला लागून परत आक्रमक संघाकडेच आला तर घड्याळ १४ सेकंदांवर लावायचे, २४ वर नव्हे. नवशिक्या हाताची ही सर्वांत वारंवार होणारी चूक. खेळाडू पाचव्या फाउलला बाहेर जातो, आणि एका सत्रात संघाचे चार फाउल झाल्यावर पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात. पत्रिकेत पहिले नाव असलेला संघ फिक्या रंगाचे शर्ट घालतो आणि टेबलाच्या डावीकडे बसतो.

तीन विरुद्ध तीन : अर्ध्या मैदानावर (१५ × ११ मी.) चार जणांच्या संघाने (तीन मैदानात, एक राखीव), एकाच रिंगवर, १० मिनिटे किंवा २१ गुण यांपैकी जे आधी होईल तोवर खेळला जाणारा प्रकार. टोकियो ऑलिंपिकपासून अधिकृत. चेंडू आकाराने ६ क्रमांकाचा पण वजनाने ७ क्रमांकाचा असतो व तो दोन्ही गटांना एकच चालतो. पूर्ण १२ खेळाडू जमवणे जड जाणाऱ्या तालुक्यांतील महिला संघांना हा प्रकार सोयीचा आहे.