नासातल्या इंटर्नला रॉकेट नाही, पॅकेट देतात

दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असतेच, अमक्या गावच्या लेकीची नासात निवड, सोबत गुच्छ आणि पेढे. अभिनंदन आहेच, पण नासाच्या स्वतःच्या इंटर्नशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे नक्की कशासाठी निवड झाली तेवढं वाचून घ्यावं. आणि लोकांना वाटतं पोरगी आता रॉकेट बनवणार! कंप्युटरवाली असेल तर रॉकेटच्या आसपासही न जाता ग्राउंड सिस्टिमच्या टीममध्ये बसण्याची शक्यता बरीच. म्हणजे गोल्डस्टोन, माद्रिद नाहीतर कॅनबेरा इथल्या नासाच्या अँटेनाने यानाचा सिग्नल पकडला की तिथून शास्त्रज्ञाच्या स्क्रीनपर्यंत मधे जे सॉफ्टवेअर लागतं ते.

अँटेनातून येतात नुसते बिट, शून्य-एक शून्य-एक. आधी त्यात एक ठरलेला ३२ बिटांचा पॅटर्न शोधायचा, हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायाची अंकपद्धत) वन-ए-सी-एफ-एफ-सी-वन-डी, तो दिसला की फ्रेम, म्हणजे बिटांचा एक गठ्ठा, सुरू झाली. फ्रेमच्या आत पॅकेटं, आणि प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर फक्त ६ बाइटचा हेडर, एसटीच्या पार्सलवर चिठ्ठी असते तसा. मला हा हेडर जाम आवडतो. पहिल्या दोन बाइटमधले वरचे पाच बिट पुसले की उरलेल्या ११ बिटांत हे पॅकेट कोणाचं ते कळतं, बॅटरीचं की कॅमेऱ्याचं. शेवटच्या दोन बाइटमध्ये डेटाची लांबी, पण खऱ्यापेक्षा एकने कमी लिहिलेली, कारण रिकामं पॅकेट चालतच नाही, मग शून्य हा आकडा वाया कशाला घालवा. नव्या माणसाचा पार्सर, म्हणजे पॅकेट फोडून वाचणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदा इथेच एक बाइट घसरतो.

खरी मजा हेडरमधल्या १४ बिटांच्या काउंटरमध्ये. एकाच मालकाच्या प्रत्येक पॅकेटला पुढचा नंबर, १६३८३ झाले की परत शून्य. मधलं पॅकेट हरवलं का हे बघायला नव्या नंबरातून जुना वजा करायचा आणि १६३८४ ने भागून बाकी घ्यायची, १ आली तर सगळं ठीक. आता १६३८३ नंतर शून्य आला की वजाबाकी उणे १६३८३, पायथॉनमध्ये तिची बाकी बरोबर १ येते पण जावात तोच हिशोब उणे १६३८३ देतो कारण तिथे बाकीला भाज्याचं चिन्ह लागतं, म्हणजे कोड एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना एकही ओळ चुकली नाही तरी स्क्रीनवर लाल अलार्म. असल्या कडेच्या केसेससाठी टेस्ट लिहिणं, हे इंटर्नला देण्यासारखं काम.

पॅकेट उघडल्यावरही आत नुसते आकडेच असतात. २८७३ म्हणजे व्होल्ट की तापमान, हे सांगणारी डिक्शनरी जमिनीवर असते. एककांचा घोळ झाला तर काय होतं ते १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटरने दाखवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, पुढचे लोक न्यूटन-सेकंद समजून वापरत होते, ४.४५ पटीचा फरक, आणि यान गेलं. यान बिचारं धड होतं. (संस्कृत ही कंप्युटरसाठी सर्वोत्तम भाषा असं नासाने सांगितल्याचा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांसाठी: १९८५ चा तो एका संशोधकाचा लेख होता, नासाचा निर्णय नव्हता. ग्राउंडवरचा कोड जावा, सी प्लस प्लस, पायथॉन असल्या भाषांत असतो.)

कधीकधी तर पॅकेटपर्यंत पोचताच येत नाही. २०१६ मध्ये युरोपचं शियापारेली मंगळावर उतरत होतं तेव्हा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याचा सिग्नल पकडला होता, नुसता कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणारी मूळ लहर, आत डेटा वाचायला नाही, पण फ्रिक्वेन्सी कशी सरकते त्यावरून यानाचा वेग कसा बदलतोय ते कळत होतं. उतरायच्या जरा आधी सिग्नल गेला, यान आपटलं.

नागरिकत्व नाही म्हणून अडायचं कारण नाही. इस्रो पण विद्यार्थ्यांना इंटर्न आणि प्रोजेक्ट ट्रेनी म्हणून घेते, आणि नासाच्या एम्स सेंटरचं ओपन एमसीटी हे यानाचा डेटा स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर तर गिटहब या कोडच्या साइटवर फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. त्याच्या ट्युटोरियलमध्ये एक खोटं यान दिलेलंच आहे, थोडं जावास्क्रिप्ट येत असेल तर त्याच्या इंधनाचा ग्राफ घरच्या लॅपटॉपवर हलताना बघता येतो.