तिसऱ्या रिचर्डला कुबड नव्हतं: कायफोसिस वेगळा, स्कोलिओसिस वेगळा

पाठ वाकडी दिसली की आपण सरसकट कुबड म्हणून मोकळे होतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्यावर हा अन्याय शतकानुशतकं होत आला. शेक्सपिअरने तर त्याला कुबडासोबत वाळलेला हात आणि लंगडी चालही दिली. 2012 मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली, जुन्या ग्रेफ्रायर्स मठाच्या जागेवर त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा खड्ड्यातच दिसलं की कणा पुढे नव्हे, बाजूला वळलेला आहे.

कुबड, म्हणजे कायफोसिस, माणसाला बाजूने पाहिलं की कळतं. मणके पुढच्या अंगाला दबलेले असतात, त्यामुळे पाठ गोल होते आणि मान पुढे येते. स्कोलिओसिस पाठीमागून पाहावा लागतो. कणा डावी-उजवीकडे वळतो, मणके पिळले जातात आणि एक खांदा वर राहतो. वळण 10 अंशांहून जास्त असेल तरच हे नाव लागतं. रिचर्डचं 70 अंशांच्या घरात होतं. गल्लत होते ती माणूस ओणवा झाल्यावर. पिळामुळे एका बाजूच्या फासळ्या वर येतात आणि तो उंचवटा कुबडासारखा भासतो. कुबड मात्र मधोमध असतं.

खड्डा आखूड होता, डोकं कडेला टेकलं होतं. मग दाबामुळे तर कणा वाकला नाही ना? शंका रास्त आहे. पण माती मणके सरकवते, त्यांचा आकार बदलत नाही. इथे काही मणके एका अंगाला बसके होते, सांध्यांवर झीज होती. सीटी स्कॅनवरून मणक्यांच्या प्रतिकृती छापून एकमेकांवर बसवल्या, तेव्हा वळण आपोआप उभं राहिलं. हा दोष जन्मजात नव्हता, वयाच्या दहाव्या वर्षानंतर सुरू झालेला होता.

हातापायांची हाडं धड होती, म्हणजे वाळका हात आणि लंगडेपणा दोन्ही खोटे. पाठ सरळ असती तर उंची 5 फूट 8 इंच भरली असती. बेतून शिवलेल्या कपड्यांत व्यंग फारसं दिसलं नसतं, आणि 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या रणात तो लढतच पडला, वय अवघं 32.

विंडसरच्या संग्रहातल्या त्याच्या चित्राचा एक्स-रे काढल्यावर खांद्याची रेघ नंतर रंगवून उंचावलेली आढळली. रिचर्डचा समकालीन इतिहासकार जॉन रूसने उजवा खांदा वर असल्याचं लिहिलं होतं, पुढे रिचर्डचा इतिहास लिहिणाऱ्या थॉमस मोरने डावा लिहिला. हाडं रूसच्या बाजूने आहेत.