स्टॅबिलायझर, स्पाईक गार्ड आणि तुटलेला न्यूट्रल: होम थिएटरच्या वीजसंरक्षणाची पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यातही टीव्ही दिसू लागला. त्या काळच्या टीव्हीला विजेचा दाब कमी पडला की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, मग डळमळायचं. म्हणून टीव्हीसोबत स्टॅबिलायझर घरात आला. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर तो जवळपास प्रत्येक टीव्हीच्या खाली दिसू लागला. व्ही-गार्ड या केरळच्या कंपनीची १९७७ मधली सुरुवातही स्टॅबिलायझरपासूनच झाली. घरच्या वीजसंरक्षणाची आपली समज या डब्याने घडवली आहे, आणि आजही ती बरीचशी तिथेच अडकली आहे. दाबाची सावकाश चढउतार, क्षणभराचा सर्ज (दाबाची अचानक उसळी) आणि तुटलेला न्यूट्रल (विजेची परतीची तार) हे तीन वेगळे आजार आहेत. त्यांची औषधं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी तयार झाली. दुकानात मात्र तिन्हींवर एकच डबा दिला जातो.

पहिला आजार दाबाचा. घरगुती स्टॅबिलायझरमध्ये अनेक टॅप (गुंडाळीतून मधेमधे काढलेले जोड) असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. दाब घसरला की रिले (विजेवर चालणारा स्विच) ‘टक’ करून पुढचा टॅप जोडतो. या बदलाला काही मिलिसेकंद लागतात. दिवसभर हळूहळू घसरणाऱ्या दाबासाठी एवढा वेग पुरतो. सर्ज मात्र मायक्रोसेकंदांत येऊन जातो, म्हणजे रिले हलायच्या आत नुकसान झालेलं असतं. स्टॅबिलायझरवर सर्ज संरक्षणाचा भरवसा ठेवता येत नाही तो यामुळे.

याच आजारावर एक जुना, भारदस्त उपाय आहे: सीव्हीटी, म्हणजे कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. जोसेफ सोला यांनी अमेरिकेत १९३८च्या सुमारास हे तंत्र आणलं. त्यात रिले नाहीत, हलणारा भाग नाही. लोखंडी गाभा संपृक्त (चुंबकत्वाने पूर्ण भरलेल्या) अवस्थेत ठेवून आउटपुट स्थिर राखलं जातं. आपल्याकडे संगणकांच्या सुरुवातीच्या काळात कचेऱ्यांतून सीव्हीटी गुणगुणत असत. त्याची दुखरी नस म्हणजे वारंवारता. ५० हर्ट्झ ढळले की आउटपुटही ढळतं, आणि नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता बरीच खाली जात असे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित, वारंवारतेनुसार दर बदलणारी दरपद्धती लागू झाली आणि वारंवारता ताळ्यावर येऊ लागली. तोवर टीव्हीच बदलत चालला होता. १०० ते २४० व्होल्टवर चालणारे एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचे पॉवर सप्लाय, आले, आणि निव्वळ कमी दाबासाठी टीव्हीला स्टॅबिलायझर लावायची गरज संपली. होम थिएटरमध्ये ती आज उरली असेल तर जुन्या पद्धतीचा मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या एव्ही रिसीव्हरला आणि अॅम्प्लिफायरला. तिथेही स्टॅबिलायझर पुरेशा क्षमतेचा हवा, नाहीतर सबवूफरने झटका मागितला की तोच दाब पाडतो.

दुसरा आजार सर्जचा. काचेच्या व्हॉल्व्हची जुनी यंत्रं क्षणिक उच्च दाब बऱ्यापैकी पचवत. ट्रान्झिस्टर आणि आयसी आले तशी ती सहनशक्ती गेली, कारण सेमीकंडक्टरच्या आतला थर एकाच फटक्यात छेदला जातो. जनरल इलेक्ट्रिकमध्ये फ्रँस्वा मार्त्झलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांच्या वायरिंगवर येणारे सर्ज मोजायला घेतले. अशा नोंदींतून १९८० साली आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं ५८७ क्रमांकाचं मार्गदर्शक निघालं. घरातल्या वायरिंगसाठी त्यात धरलेली कमाल पातळी ६,००० व्होल्ट आणि ३,००० अँपिअर. सहा हजारच का, याचं कारण अगदी व्यवहारी आहे: त्याहून जास्त दाब आला तर सॉकेट आणि स्विचच्या आतच ठिणगी उडते आणि उरलेला जोर तिथेच निघून जातो.

औषध जपानमधून आलं. मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर विकसित केला. जनरल इलेक्ट्रिकने परवाना घेऊन १९७२च्या सुमारास तो अमेरिकेत आणला. हाच एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. प्रत्येक स्पाईक गार्डमध्ये दिसणारी निळी किंवा पिवळी चकती ती हीच. दाब नेमस्त असताना ती जवळजवळ बंद असते. दाब वाढला की काही नॅनोसेकंदांत वाहू लागते आणि सर्ज वळवते. चकतीवर २०डी४३१के असं छापलेलं असेल तर व्यास २० मिलिमीटर, १ मिलिअँपिअरला ४३० व्होल्ट आणि सतत सहन होणारा दाब २७५ व्होल्ट एसी. १०० अँपिअरचा सर्ज आला की ती दाब साधारण ७१० व्होल्टवर रोखते.

एमओव्ही झिजतो. प्रत्येक मोठ्या फटक्यानंतर त्याची गळती थोडी वाढते, गळतीने तो तापतो, तापल्याने गळती आणखी वाढते, आणि शेवटी आग. अमेरिकेत १९८५ साली सर्ज रोखणाऱ्या उपकरणांसाठी यूएल १४४९ हे सुरक्षा मानक आलं. पुढच्या आवृत्त्यांत चाचण्या कडक झाल्या, त्यामुळे चांगल्या उत्पादनांत चकतीला चिकटून थर्मल फ्यूज बसला. स्वस्त स्पाईक गार्ड उघडला तर बहुतेक वेळा फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १४ मिलिमीटरची एकच चकती मिळते. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या जोड्या मोकळ्या, थर्मल फ्यूज नाही. लाल दिवा पेटलेला दिसतो, पण तो फक्त वीज असल्याचं सांगतो. चकती केव्हाच मेलेली असू शकते.

तिसरा आजार खास आपल्या परिसरातला, आणि महागड्या सेटचं सर्वात वाईट नुकसान तोच करतो. डीपीवर (परिसराच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) किंवा मीटरच्या खोलीत न्यूट्रल सैल झाला, जळाला किंवा वळवाच्या वादळात तुटला, की दोन फेजवरची दोन घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. एका घरात ५०० वॉटचा भार आहे आणि दुसऱ्यात गिझर चालू असल्याने २,००० वॉटचा. कमी भाराच्या घराला ३२० व्होल्ट मिळतात, दुसऱ्याला अवघे ८०. ज्याने होम थिएटर तेवढं लावलं आहे, त्याच्याच वाट्याला जास्त दाब येतो. ३२० व्होल्टच्या एसी लहरीचं शिखर ४५२ व्होल्ट. टीव्हीच्या एसएमपीएसमधला मुख्य कपॅसिटर सहसा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, तो फुगतो आणि फुटतो. २७५ व्होल्टची एमओव्ही चकती तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला वाहू लागते आणि काही सेकंदांत जळते. क्षणभरासाठी बनवलेली वस्तू इथे सतत भाजली जाते. ‘सर्जमुळे टीव्ही गेला’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यात हा प्रकार बराच असतो. एकाच वेळी शेजारच्या घरांतले दिवेही लखलखले किंवा मंदावले असतील, तर संशय न्यूट्रलवर घ्यावा.

२००५ ते २०१२ या भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत इन्व्हर्टर आले. सुरुवातीचे बरेच चौकोनी लहरीचे. त्यांवर अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गरम होऊन घुमत असे. साइन वेव्ह इन्व्हर्टरने ते थांबलं. हौशी लोकांसाठी त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत पीएस ऑडिओने वीज नव्याने तयार करून देणारं यंत्र आणलं होतं. तेच काम आपल्याकडे ऑनलाइन यूपीएस करतो, फक्त पंख्याचा आवाज सोसावा लागतो. तो शेजारच्या खोलीत ठेवावा. लॅम्पच्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच, कारण वीज गेली की पंखा थांबतो आणि गरम लॅम्पचं आयुष्य घटतं.

आता या तिन्हींची औषधं एकत्र कशी बसवायची. डीबीमध्ये (घराच्या मुख्य वितरण बोर्डात) टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अर्थकडे वळवणारा संरक्षक, घालावा, सतत सहन होणारा दाब ३२० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असलेला. त्याच्या फेज आणि अर्थच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. एक मीटर वायरचं इंडक्टन्स (प्रवाह झटकन बदलायला होणारा विरोध) साधारण १ मायक्रोहेन्री असतं. मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर वेगाने प्रवाह वाढला की तिच्यावरच १,००० व्होल्ट उभे राहतात, आणि महागडा एसपीडी असून नसल्यासारखा होतो. वायरमन ती वायर वळसे घालून नीटनेटकी बांधतात. दिसायला छान, कामाला घातक. न्यूट्रलसाठी डीबीमध्येच कमी-जास्त दाबाला तोडणारा रिले हवा: २७० व्होल्टच्या आसपास आणि १७०च्या खाली तोडणारा, आणि वीज आल्यावर तीसेक सेकंद थांबून जोडणारा. टीव्हीपाशी तिन्ही जोड्यांत एमओव्ही आणि थर्मल फ्यूज असलेली पट्टी.

शेवटी केबल. डिशची किंवा केबलवाल्याची कोअॅक्सियल वायर गच्चीवरून येते, वीज अर्थिंगच्या वाटेने येते. जवळपास वीज पडली की या दोन वाटांच्या दाबात फरक पडतो आणि तो फरक टीव्हीच्या आत भेटतो. एचडीएमआय पोर्ट जळतात ते बहुतेक वेळा असे. पॉवर सप्लाय मात्र शाबूत असतो. मार्त्झलॉफ यांनी हा धोका आवर्जून मांडला होता. पॉवरच्या बाजूचा एमओव्ही सर्ज अर्थकडे वळवतो, त्याने अर्थचाच दाब वर उचलला जातो आणि हा फरक उलट वाढू शकतो. म्हणून कोअॅक्सियल अरेस्टर (केबलवरचा सर्ज अर्थकडे वळवणारा भाग) डीबीच्याच अर्थ पट्टीला जोडायचा. गच्चीवर स्वतंत्र खड्डा करून तिथेच सोडून द्यायचा नाही. इंटरनेट फायबरचं असेल तर त्या वाटेची चिंता नाही, ऑप्टिकल ऑडिओ केबलचीही नाही. स्पीकरमधला घुमण्याचा आवाज घालवायला थ्री-पिनची अर्थ पिन कापणारे अजून भेटतात. ते कधीही करू नये. घुमणं सहसा कोअॅक्सियलमधून येतं, ती वायर काढून पाहावी आणि तिथे आयसोलेटर (विजेचा जोड तोडून सिग्नल तेवढा जाऊ देणारा भाग) लावावा. सगळं बसवून झाल्यावर सॉकेटवर मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजावं. पहिले दोन आकडे जवळपास सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. भार चालू असताना तिसरा पाच-दहाच्या पुढे जात असेल, तर एसपीडी घेण्याआधी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घ्यावं.