कोनफ्लॉवरचं फूल बिघडलंय: झाड उपटायचं की नुसतं फूल कापायचं?

जुलै अर्धा सरला की शिकागोच्या आसपासच्या ओळखीपाळखीतून मला एक फोटो हमखास येतो. कोनफ्लॉवरचं (बागेत लावतात त्या एकिनेशियाचं) फूल, मधल्या काटेरी बोंडातून भलतंच काहीतरी उगवलेलं, आणि खाली प्रश्न: "ताई, उपटून टाकू का?"

थांबा. असं बोंड दोन वेगळ्या कारणांनी बिघडतं. एक अ‍ॅस्टर यलोज नावाचा रोग, दुसरं रोझेट माइट, म्हणजे कळीत राहणारे अतिसूक्ष्म कोळी. पहिल्यात झाड मुळासकट काढावंच लागतं. दुसऱ्यात फूल कापलं की भागतं. हा फरक माहीत नव्हता तेव्हा मी पाच वर्षं वाढवलेला, भरगच्च फुलणारा गड्डा एका संध्याकाळी खणून काढला होता. त्याची पानं हिरवीगार होती, बाकीची फुलं गुलाबी होती. आज कळतं, ते नुसते कोळी होते. त्या झाडाची हळहळ अजून वाटते.

अ‍ॅस्टर यलोज समजायला आपल्याकडचं वांगं आठवा. वांग्यावर बोकड्या पडतो, पानं बारीक होऊन त्यांचा गुच्छ होतो आणि फळ धरत नाही, त्याच जातकुळीतला हा रोग. दोन्हींच्या मुळाशी फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेले जिवाणू, आणि दोन्ही पसरवतात तुडतुडे. इकडचे तुडतुडे वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतात. रोगट झाडाचा रस प्यायलेला तुडतुडा पुढे जन्मभर रोग वाहतो. जिवाणू झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांतच बसतात, त्यामुळे दुखणं एका फुलापुरतं राहत नाही. पाकळ्या हिरवट, आखूड, वळलेल्या. बोंडातून चक्क पानं फुटलेली, कधी देठासकट. झाड खुरटलेलं, पानं पिवळी पण शिरा हिरव्या. यावर औषध नाही. रोगट फांदी छाटूनही उपयोग नाही, कारण गड्ड्यात जिवाणू हिवाळाभर टिकतात. एक दिलासा मात्र आहे: ते मातीत राहत नाहीत आणि बियांतून जात नाहीत, म्हणून त्याच जागी नवं रोप बिनधास्त लावा. आसपासची डँडेलियन आणि प्लँटेन (केळ नव्हे, त्या नावाचं तण) ही तणं मात्र उपटा, तिथेही रोग दबा धरून असतो.

कोळ्यांचं तसं नाही. ते कळीच्या आत बसून रस शोषतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बिघाड दिसतो तो बोंडावरच: एका बाजूला किंवा शेंड्यावर बारीक, चुरगळलेले झुपके, जणू फुलावर दुसरं छोटं फूल बसवलंय. झुपक्यांना बहुधा फुलाचाच रंग असतो, थोडी हिरवट झाक. खालच्या मोठ्या पाकळ्या बऱ्याचदा ठीकठाक असतात. फवारा मारू नका. कळीच्या आत तो पोचत नाही, उलट मधमाश्या मरतात. फूल देठासकट कापा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका.

म्हणून माझा नियम असा: फुलाकडे नंतर बघा, आधी गुडघ्यांवर बसून बुंध्यापासून वर बघत या. खालची पानं निरोगी, उंची शेजारच्या झाडांइतकी आणि बिघाड एकदोन बोंडांवरच असेल, तर कात्री आणा. सगळं झाडच आजारी, हिरवट-पिवळं दिसत असेल, तर कुदळ. तरी शंका राहिली तर फूल कापून पुढच्या कळ्यांची वाट बघा. कोळी असतील तर बऱ्याच कळ्या नीट उमलतील. अ‍ॅस्टर यलोज असेल तर त्याही हिरव्याच निघतील.

आणि नुकत्या उमलत्या पाकळ्या हिरव्याच असतात, हे विसरू नका. आठवडाभरात रंग चढतो. 'ग्रीन ज्वेल'सारख्या जातीची फुलं तर जन्मजात हिरवी. अशी निरोगी झाडंही लोक घाबरून उपटतात.

शरद ऋतूत मला खरा पेच पडतो. वाळलेल्या बोंडांतल्या बिया गोल्डफिंच पक्षी आवडीने खातात, म्हणून बोंडं झाडावर ठेवावीत असं मन सांगतं. पण कोळी लागलेल्या झाडाचे वाळलेले दांडे जमिनीलगत कापून फेकावे लागतात. मी उन्हाळ्यातच अशा झाडांना लाल दोरा बांधून ठेवते. दोरा असलेली कापते, बाकीची बोंडं मार्चपर्यंत पाखरांची.