वेब फॉर्ममधील माहितीची जोडणी आणि पडताळणी

कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ग्राहक जोडांची संख्या, पत्ता आणि ४१६ ने सुरू होणारा पिनकोड भरतो, तेव्हा फॉर्ममधील प्रत्येक रकाना प्रोग्राममधील एकेका व्हेरिएबलशी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या नाव दिलेल्या जागेशी, जोडलेला असतो. या जोडणीला डेटा बाइंडिंग म्हणतात. अँग्युलर या वेबपाने बांधण्याच्या साधनात ती दोन्ही दिशांनी करता येते, म्हणजे रकाना बदलला की व्हेरिएबल बदलते आणि व्हेरिएबल बदलले की रकाना, तर रिअ‍ॅक्ट या तशाच साधनात माहितीचा प्रवाह मुख्यतः एकेरी असतो. या भेदावर प्रोग्रामर मंडळी तावातावाने वाद घालतात. परंतु घोटाळे होतात ते बहुधा रकान्यातून नेमके काय आले, हे न तपासल्यामुळे.

मजकुराच्या रकान्यातून प्रोग्रामला संख्या मिळत नाही, अक्षरांची साखळी मिळते. दुकानात ९ जोड शिल्लक असताना ग्राहकाने १० मागितले आणि दोन्ही आकडे मजकूर म्हणूनच ताडून पाहिले गेले, तर पहिले अक्षर १ हे ९ च्या आधी येत असल्यामुळे दहा हे नवापेक्षा लहान ठरतात आणि मागणी बिनदिक्कत मंजूर होते.

मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत पिनकोड भरला, तर अडचण आणखी वाढते. मजकूर कोणत्या साच्यात हवा हे सांगणाऱ्या पॅटर्नमधील ‘कोणताही अंक’ या खुणेत ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा केवळ इंग्रजी अंक धरते, सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर, वापरली जाणारी पायथन ३ ही भाषा मात्र देवनागरी अंकही धरते. त्यामुळे ब्राउझरने नाकारलेला पिनकोड सर्व्हरला चालू शकतो. अशा ग्राहकाला ‘चुकीचा पिनकोड’ असे सुनावणे मला अन्यायाचे वाटते, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य यादीत, देवनागरी अंक सलग क्रमाने असल्याने त्यांचे रूपांतर एका वजाबाकीने होते.

ब्राउझरमधील पडताळणी ही ग्राहकाची सोय आहे, सुरक्षा नव्हे. फॉर्मला वळसा घालून सर्व्हरकडे थेट विनंती पाठवता येते, आणि तीत फॉर्ममध्ये नसलेला रकानाही घुसडता येतो. सर्व्हरने आलेले सर्व रकाने डोळे झाकून नोंदीशी जोडले, तर चपलेची किंमतसुद्धा ग्राहक ठरवील. २०१२ मध्ये गिटहब या प्रोग्राम साठवण्याच्या संकेतस्थळावर एका प्रोग्रामरने याच प्रकारच्या त्रुटीतून आपली सार्वजनिक की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) रेल्स या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनाच्या प्रकल्पखात्याला जोडून दाखवली होती. पुढे २०१३ मध्ये आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत, कोणते रकाने स्वीकारायचे हे प्रोग्रामरने नावानिशी लिहून देणे हीच रूढ पद्धत ठरली.